उशाशी मेळघाट

अमरावतीहून अकोल्याला येताना एसटीत मोबाइलवर रसेल आणि हिरालाल यांच्या जाती-जमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथातलं, मेळघाटात राहणाऱ्या कोरकू आदिवासींवरचं प्रकरण वाचलं. चारही खंड प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. त्यातली साहेबी नजर जागोजागी टोचते. तरी मेळघाट उशाशी असून मी हे आजवर उघडलंही नव्हतं.

रात्री इग्नूच्या ई-ज्ञानकोशावर शैक्षणिक मानसशास्त्र वाचत बसलो. मूल भाषेच्या आधारानं विचार करायला शिकतं, हे वायगॉट्स्कीचं म्हणणं. कोरकू तर मुंडा कुळातली, मराठीशी नातं नसलेली भाषा. मग मराठी पुस्तकापुढे गप्प बसणाऱ्या लेकराला कोणत्या तोंडानं मंद म्हणायचं? मेळघाटात धारणीकडे शिकवताना एका पोरीला मी तसंच समजलो होतो. आज तिचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.