अर्धे सफरचंद : 'पेंग्विनड्रम' दुसऱ्यांदा पाहताना

प्रतीकांनी ओथंबलेल्या कलाकृतीविषयी एक संशय बाळगणे नेहमीच रास्त असते : सांगण्याजोगे काही नाही म्हणून तर ही सजावट नव्हे? कुनिहिको इकुहारा यांनी दिग्दर्शित केलेली 'मावारु पेंग्विनड्रम' ही चोवीस भागांची जपानी अ‍ॅनिमे मालिका (२०११) पहिल्यांदा पाहताना हा संशय आम्हाला आरंभापासून होता, आणि सातव्या-आठव्या भागाशी आम्ही ती सोडून दिली. हिमारी नावाची आजारी मुलगी मरते आणि डोक्यावरच्या पेंग्विनच्या टोपीमुळे पुन्हा जिवंत होते. त्या टोपीतून बोलणारी कुणी राणी तिच्या दोन भावांना, कानबा आणि शोमा यांना, 'पेंग्विनड्रम' शोधून आणण्याचा हुकूम सोडते. ती वस्तू म्हणजे नेमके काय, हे मात्र कोणीच सांगत नाही. शिवाय इतरांना न दिसणारे तीन पेंग्विन, सफरचंदे, कुणाची तरी रोजनिशी, भुयारी रेल्वेच्या पाट्या. त्यात रिंगो ही शाळकरी मुलगी या भावांच्या शिक्षकाच्या घराच्या जमिनीखाली लपून त्याच्यावर पाळत ठेवते आणि ते विनोद म्हणून आपल्यापुढे येते. हा भाग आम्हाला आजही सहन होत नाही.

मालिकेकडे आम्ही परतलो ते साहित्याच्या वाटेने. मियाझावा केन्जी (१८९६-१९३३) यांची आकाशगंगेतल्या आगगाडीची दीर्घकथा पुन्हा वाचनात आली. ती लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. जोव्हान्नी आणि काम्पानेल्ला हे दोन मित्र ताऱ्यांमधून प्रवास करतात; त्यातला एक दुसऱ्या मुलाला वाचवताना बुडून मेलेला आहे, हे आपल्याला शेवटी कळते. त्या गाडीत प्रवाशांना सफरचंदे मिळतात. आपला देह इतरांच्या सुखासाठी वापरला जावा अशी प्रार्थना करणारा आणि आकाशात तांबडा जळत राहणारा विंचूही त्याच कथेत भेटतो. ही पाने वाचताना आम्हाला मालिकेचा पहिला भाग आठवला. भावंडांच्या घरावरून दोन लहान मुले चालली आहेत आणि याच कथेतल्या सफरचंदाविषयी बोलत आहेत. पहिल्या खेपेस ते संभाषण आम्ही पार्श्वभूमीतली बडबड म्हणून सोडून दिले होते.

दुसऱ्यांदा पाहताना मालिका अर्ध्यावर आली आणि तिचा विषय उघड झाला. २० मार्च १९९५ च्या सकाळी ओम शिनरिक्यो या पंथाच्या अनुयायांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेत तीन मार्गांवरच्या पाच गाड्यांमध्ये सरीन हे विषारी रसायन सोडले. पाचांपैकी दोन गाड्या मारुनोउची मार्गावरच्या होत्या आणि ही भावंडे राहतात ते ओगिकुबो त्याच मार्गाच्या टोकाला आहे. मालिकेत पंथाचे नाव येत नाही, सरीनचे येत नाही. भूतकाळातल्या प्रसंगांत फक्त '९५' हा आकडा पुन्हा पुन्हा दिसतो. या भावंडांचे आईवडील त्या हल्ल्याच्या कर्त्यांपैकी आहेत, आणि रिंगोची थोरली बहीण मोमोका त्याच दिवशी गेली. नवव्या भागात हिमारी ग्रंथालयात मुराकामींची बेडकाची गोष्ट शोधत असते. ती ज्या संग्रहात आहे त्यातल्या सगळ्या कथा फेब्रुवारी १९९५ मध्ये घडतात, म्हणजे कोबेचा भूकंप आणि हा हल्ला यांच्या मधल्या महिन्यात.

हे कळल्यावर प्रतीकांचे अर्थ लागले असे नव्हे. त्यांची गरज समजली. गुन्हेगारांच्या मुलांनी कसे जगावे, हा प्रश्न उघड शब्दांत मांडला की लगेच बाजू घ्यावी लागते : मुले निष्पाप म्हणावीत, तर बळींच्या नातलगांपुढे ते वाक्य हलके वाटते, दोषी म्हणावीत, तर ते क्रौर्य. मालिका दोन्ही टाळते आणि चित्रांतून बोलते. रस कधी वाच्य होत नाही, तो सूचितच होतो, हे आनंदवर्धनाचे म्हणणे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. इथे ते प्रत्यक्ष काम करताना दिसले.

उदाहरणार्थ, गर्दी. रस्त्यावरची, गाडीतली माणसे या मालिकेत स्थानकावरच्या सूचनाफलकांवर असतात तशा चेहरा नसलेल्या आकृत्या आहेत. पहिल्यांदा आम्हाला ही श्रम वाचवण्याची युक्ती वाटली होती (तशी ती असेलही). पुढे एक कारखाना येतो. कोणालाच नको असलेली मुले तिथे आणून टाकतात. यंत्र त्यांचा चुरा करते आणि ती 'पारदर्शक' होतात, म्हणजे कोणाच्याही लेखी उरत नाहीत. भावांचा तो शिक्षक, ताबुकी, लहानपणी तिथे पोहोचला होता. मोमोकाने त्याला ओढून काढले. त्यानंतर गाडीतली ती कोरी माणसे आम्हाला पूर्वीसारखी दिसेनात. त्यांचा चेहरा कोणीतरी पुसला आहे, असे वाटू लागले. विनाशाच्या पंथाला अनुयायी कुठून मिळतात, याचे मालिकेने दिलेले उत्तर याच कारखान्यात आहे, आणि ते भाषण म्हणून कुणाच्या तोंडी घातले असते तर ढोबळ वाटले असते.

सफरचंदाचेही तसेच. पिंजऱ्यांत कोंडलेली दोन मुले, दोघेही उपाशी. एकाला सफरचंद सापडते, तो अर्धे दुसऱ्याला देतो. कानबा आणि शोमा यांची ती पहिली भेट. म्हणजे ते सख्खे भाऊ नव्हेत. हिमारीही त्यांची सख्खी बहीण नव्हे. सफरचंद म्हणजे प्रेम, असे समीकरण मांडून मोकळे होता येते, पण त्यात महत्त्वाचे ते निसटते. ज्याच्याशी वाटून खाल्ले त्याच्या वाट्याची शिक्षाही वाटून घ्यावी लागते, हे त्या अर्ध्या तुकड्यात आहे.

असो. या प्रतीकव्यवस्थेत सारेच जुळते असे आमचे म्हणणे नाही. सानेतोशी या पात्राची लांबलचक भाषणे संपादकाच्या हाताखालून जायला हवी होती, आणि राणीच्या आगमनाचे दृश्य इतक्या वेळा येते की त्याची कवायत होते. २०२२ मध्ये मालिका दोन चित्रपटांत पुन्हा मांडली गेली, तरी आमचा कौल चोवीस भागांच्याच बाजूने आहे. त्या उपाशी मुलांपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ हाही तिच्या अर्थाचा भाग आहे.

शेवटी एक गोष्ट मात्र आमच्या गळी उतरत नाही. हिमारी आणि रिंगो वाचतात, ते दोन्ही भाऊ या जगातून पुसले गेल्यावर; वाचलेल्या मुलींना ते आठवतही नाहीत. आईवडिलांच्या गुन्ह्याची किंमत अखेर मुलांनीच मोजली. मियाझावांच्या विंचवाने जळणे स्वतः मागून घेतले होते. शोमा मात्र आपण शिक्षेला पात्र आहोत असे लहानपणापासून मानत वाढला आहे. त्याच्या स्वेच्छेला स्वेच्छा म्हणायचे का? अंतिम दृश्यात घरावरून पुन्हा दोन लहान मुले जातात, पुन्हा सफरचंदाविषयी बोलतात. या वेळी त्यांच्या मागोमाग पेंग्विन चाललेले असतात, आणि घरातून त्यांना कोणी हाक मारत नाही.