व्हर्निअर

वडील जिल्ह्यात मोजणीदार होते. पिके निघून रान मोकळे झाले की त्यांची साखळी निफाड-सिन्नरच्या बांधांवरून फिरू लागे. ती असे ३३ फुटांची आणि तिच्या सोळा भागांना सोळा आणे म्हणत. एक साखळी लांब व तितकीच रुंद जमीन म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. भाऊबंदकीचे तंटे, बांध कोरल्याचे अर्ज, हद्दीचे पंचनामे, असा सारा दप्तरी कारभार त्या सोळा आण्यांवर चाले. आण्याच्या आत जे उरे ते ‘अदमासे’ या एका शब्दाच्या हवाली केले जाई आणि बहुधा दोन्ही पक्ष त्यास राजी असत. आमच्या वाड्यातील सुतारही इंचाच्या आठव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे एका सुतापर्यंत, मापाने जाई व त्यापुढे नजरेने.

अशा अदमासाच्या राज्यात वाढलेल्या मला हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत व्हर्निअर भेटला. मुख्य पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा आणि तिला बिलगून सरकणाऱ्या छोट्या पट्टीवर नऊ मिलिमीटरांचे दहा समान भाग, एवढाच तो प्रपंच. परंतु छोट्या पट्टीचा प्रत्येक भाग मिलिमीटराहून एक दशांशाने उणा असल्यामुळे, तिची कितवी रेघ वरच्या रेघेशी जुळली हे पाहताच उरलेले दशांश हाती येतात. क्रमिक पुस्तकातील ‘लघुतम माप’ या रुक्ष संज्ञेखाली केवढे मानवी शहाणपण दडले आहे, हे समजायला मात्र पुढे बरीच वर्षे जावी लागली. दोन रेघांमधल्या रिकाम्या जागेत वस्तूची कड नेमकी कोठे थांबली, हे डोळा खात्रीने सांगू शकत नाही. पण दोन रेघा एका ओळीत आल्या की नाहीत, हे तो विलक्षण अचूकपणे सांगतो. दोन बिंदू वेगळे दिसण्यास त्याला अंशाच्या सुमारे साठाव्या भागाचे अंतर लागते, आणि रेघेतील खंड त्याच्याही दशांशाइतका असला तरी तो टिपतो. नेत्रशास्त्रात या शक्तीला व्हर्निअरचेच नाव मिळाले आहे. डोळ्याला जे साधत नाही ते न मागता, जे उत्तम साधते तेवढेच त्याच्याकडून करवून घेणारी अशी उपकरणे मी फार थोडी पाहिली.

पिएर व्हर्निअर हा ओर्नां गावचा, आणि त्याचा ग्रंथ ब्रुसेल्सला छापला गेला तो १६३१ साली. शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. व्हर्निअरला जाडी-लांबी नव्हे, कोन मोजायचे होते. अर्ध्या-अर्ध्या अंशाचे ३१ भाग घेऊन त्यांचे त्याने ३० केले आणि कोनाची एकेक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, वाचता येईल अशी सोय केली. त्याच्या आधी, १५४२ मध्ये, पोर्तुगीज गणिती पेद्रू नुनिश याने याच हेतूने एकात एक ४४ कमानी कोरण्याची युक्ती सुचवली होती; युक्ती चोख, पण इतक्या बारीक कमानी कोरणारा हात कोठून आणायचा? जर्मन लोक आजही या पट्टीला नुनिशच्या लॅटिन नावावरून ‘नोनिउस’ म्हणतात. म्हणजे मालकीचा हा तंटा अद्याप निकाली निघालेला नाही.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तपासणी खात्यात रुजू झालो, तेव्हा ४९ मिलिमीटरांचे ५० भाग केलेला, दोन शतांशापर्यंत बोलणारा व्हर्निअर माझ्या हाती आला. तेथील एक वृद्ध टर्नर जॉबला हात लावण्यापूर्वी व्हर्निअरचे दोन्ही जबडे फडक्याने पुसून मिटवी, उजेडासमोर धरून मधून फट दिसत नाही ना ते बघे, शून्याशी शून्य जुळल्याची खात्री करी, आणि मग चष्मा कपाळावर सारून अंगठ्याने चाक असे अलगद ढकली की जबडे जॉबला टेकत, दाबत नसत. माप दाबून घेतले तर पितळही खोटे बोलते, असा त्याचा सिद्धांत होता. शेजारी मायको कारखान्यात डिझेलच्या नॉझलची सुई आणि तिचे घर यांत दोन-चार मायक्रॉनचीच जागा सोडावी लागे. तेथे मात्र आमच्या व्हर्निअरला उंबऱ्याबाहेरच थांबणे भाग होते.

व्हर्निअर हे नाव पुढे कोठकोठे गेले! रेडिओचे स्टेशन मंद गतीने लावणाऱ्या चकतीला ते मिळाले, आणि अग्निबाणाची दिशा व वेग जरासा सावरणाऱ्या लहान इंजिनांनाही. आता सातपूर-अंबडला बॅटरीवर चालणारे, काचेच्या खिडकीत आकडे दाखवणारे कॅलिपर सर्रास दिसते. त्यात सरकती दशांश पट्टी नाही, जुळवायच्या रेघा नाहीत, पिएर व्हर्निअरने जे शोधले ते सगळे काढून टाकले आहे. तरीही नवा शिकाऊ पोरगा स्टोअरच्या खिडकीशी येऊन ‘डिजिटल व्हर्निअर’ मागतो, स्टोअरकीपर रजिस्टरात तेच नाव चढवतो, आणि ते दुरुस्त करावे असे मला कधी वाटले नाही.