झापडं काढल्यावर

शिकवायचा तर कोवळा घोडा घ्यावा, असं आमच्या धंद्यात म्हणतात. बादल माझ्याकडे बोर्डीला आला तेव्हा दातांवरून चौदाचा होता. 2015च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करायला वर्षाची मुदत दिली. अशीच एक गाडी ओढणारा बादल त्या मुदतीतच विकला गेला. छाती भक्कम, पाठ पोकळ. ओढणारा घोडा भार खांद्यांवर घेतो. माणसाचं ओझं त्याच्या पाठीला ठाऊकच नसतं.

पहिल्या दिवशी सुरूच्या सावलीत त्याची झापडं काढली. मान न वळवताही घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण याला इतकी वर्षं फक्त पुढचा रस्ता दिसत होता. आता लाटा, स्वतःची शेपटी, माझा हात, सगळं एकदम समोर आलं. चारही पाय रोवून तो थरथरत उभा राहिला. मी लगामाला हात लावला नाही. तळासरीकडून आणलेलं गवत पुढ्यात टाकलं आणि बाजूला बसलो. (या भागातलं गवत पूर्वी मुंबईच्या तबेल्यांना जायचं. ते कापणाऱ्या वारल्यांनी 1945च्या ऑक्टोबरात पाचशे रतलांना अडीच रुपये मजुरी मागून संप केला होता. पेंढी सोडताना मला ते दरवेळी आठवतं.) अर्ध्या तासानं त्यानं तोंड खाली घातलं.

महिनाभर मी त्याच्यावर बसलोच नाही. लांब लगाम धरून मागून चालायचो, गाडीवान बसायचा तिथून. तंग कसला, मग खोगीर ठेवलं, मग नुसता रेललो. बसल्यावर खरी अडचण कळली: पोटरी लागली की तो पुढे जाण्याऐवजी वळायचा. वळणावर गाडीच्या दांड्या बरगड्यांना घासायच्या, म्हणून तो स्पर्श म्हणजे वळण. याला हट्ट म्हणणारे भेटले. मला ते पटत नाही. तो आपलं जुनं काम चोख करत होता.

त्याला नीट कळणारी एकच भाषा होती, गाडीवानाची जिभेची टकटक. म्हणून आधी पोटरी हलकेच दाबायची आणि लगेच टकटक करायची. क्रम उलटला तर घोडा आवाजावरच निघतो, पायाकडे त्याचं लक्ष जात नाही. बसायला लागल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पोटरी दाबली आणि जीभ उचलायच्या आत तो सरळ पुढे निघाला. मी खाली उतरून त्याच्या मानेला मिठी मारली.

आता ओहोटीला, ओली वाळू घट्ट असते तेव्हा, तो वीस मिनिटं चालतो. डांबरावर झिजलेल्या गुडघ्यांना त्याहून जास्त मी मागत नाही. तुम्ही डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर घोड्यावर बसणार असाल, तर आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवा. हाताखाली तो अंग चोरत असेल, तर बसू नका.