न्हाणीघरांतील विस्तव

आमच्या घरांतील गॅसचा गीझर ज्या दिवशीं आम्हीं काढून टाकला त्या दिवशीं तो उत्तम चालत होता. नळ सोडतांच ठिणगी पडे, निळी ज्योत पेटे आणि अर्ध्या मिनिटांत कढत पाणी बादलींत येऊं लागे. मोडलेली वस्तु दुरुस्त करून वापरावी, आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेली म्हणजे मोठ्या नाइलाजानें नवी घ्यावी, हा आमच्यासारख्यांच्या संसाराचा दंडक आहे. चालती वस्तु भंगारवाल्यास देणें हें त्या शास्त्राप्रमाणें जवळ जवळ पापच. तें पाप आम्हीं कां केलें, आणि रिकाम्या झालेल्या जागीं काय बसवावें ह्या विचारानें घरांत पंधरा दिवस कशी रणधुमाळी माजली, तें येथें सांगावयाचें आहे.

आमचें बालपण सदाशिव पेठेंतील एका वाड्यांत गेलें. तेथें न्हाणीघर मागील चौकांत होतें, आणि त्याच्या दाराबाहेर, उघड्यावर, तांब्याचा बंब उभा असे. ज्या वाचकांनीं बंब पाहिला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: तांब्याच्या पिंपाच्या पोटांतून एक उभें नळकांडें वरपर्यंत गेलेलें असतें, त्याच्या तळाशीं जाळी, आणि जाळीखालीं राखेची जागा. नळकांड्यांत ढलप्या, करवंट्या, गोवऱ्यांचे तुकडे जळतात, भोंवतालचें पाणी तापतें आणि धूर वरच्या तोंडानें निघून जातो. रशियन लोकांचा चहाचा समोवार ह्याच कुळांतला. आमची आजी पहांटे बंब पेटवी. पावसाळ्यांत ढलप्या ओल्या असल्या म्हणजे चौक धुरानें भरून जाई, आजीचे डोळे लाल होत, आणि आम्ही मुलें खोकत खोकत पुढील दाराकडे पळत असूं. जो ऊन पाणी काढील त्यानें तितकेंच गार पाणी बंबांत ओतावें, हा घरचा कायदा होता. तो मोडणाऱ्याचा आजी सर्वांसमक्ष नांव घेऊन उद्धार करी. बंबाला चिंच लावून तो लखलखीत घासण्याचें काम आमच्या आईकडे असे.

पुढें वाडा पडला, त्या जागीं इमारत झाली, आणि न्हाणीघर घराच्या पोटांत आलें. लांबी सहा फूट, रुंदी चार फूट, आणि वर वीतभर उंचीची एक खिडकी. तेथें गॅसचा गीझर आणला तो आम्हींच. विजेच्या गीझरपेक्षां किंमत कमी, पाणी तत्काळ आणि बिलाची धास्ती नाहीं, असे तीन मुद्दे कागदावर लिहून आम्हीं घरच्या मंडळींस व्याख्यानही दिलें होतें. यंत्र भिंतीवर चढत असतां आई दारांत उभी होती. तिनें एकच प्रश्न विचारला, "अरे, याचा धूर कुठं जातो?"

"आई, याला धूर नसतोच," आम्ही म्हणालों. त्या उत्तराचा त्या दिवशीं आम्हांस अभिमान वाटला होता.

ह्यानंतर अकरा वर्षें सुखाचीं गेलीं. तीन वर्षांपूर्वींच्या डिसेंबरांत थंडी कडाक्याची पडली. आई त्या वेळीं ब्याऐंशी वर्षांची. वारा लागूं नये म्हणून तिनें न्हाणीघराची खिडकी लावून तिच्या फटींत जुन्या पातळाचे बोळे कोंबून ठेविले होते. एके सकाळीं ती आंत गेली, कडी लागली, पाण्याचा आवाज सुरू झाला. आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. बऱ्याच वेळानें आमच्या सौभाग्यवतींच्या लक्षांत आलें कीं पाणी पडत आहे, परंतु तांब्याचा आवाज नाहीं. हाका मारल्या, ओ नाहीं. चिरंजीवांनीं खांद्यानें दार ढकलून कडी उखडली. आई भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटलेले, आणि तिच्या डोक्यावर ती निळी ज्योत शांतपणें जळत होती.

गॅलरींत आणून वारा लागतांच तिनें डोळे उघडले. "घेरी आली, बाकी काही नाही," असें म्हणून ती अंगावरची चादर सारखी करूं लागली. आम्हीं सर्वांनीं तें मान्यही केलें असतें. ह्या वयांत घेरी येते. पण आमचे डॉक्टर आले, त्यांनीं नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, आणि औषध लिहून देण्याऐवजीं न्हाणीघर कोठें आहे असें विचारलें. तेथून परतले ते रुग्णवाहिका बोलावा असें सांगतच. इस्पितळांत रक्त तपासलें तेव्हां त्यांत कार्बन मोनॉक्साइड सांपडला. रात्रभर प्राणवायु दिल्यावर दुसऱ्या दिवशीं आई घरीं आली. "आणखी दहा मिनिटं गेली असती तर..." असें म्हणून डॉक्टरांनीं वाक्य अर्धेंच सोडलें. आम्ही आयुष्यभर विद्यार्थ्यांस वाक्य पुरें करावयास सांगत आलों. हें एक मात्र अपुरेंच राहिलें तें बरें झालें.

आम्ही पडलों इंग्रजी वाङ्मयाचे शिक्षक. वायूंशीं आमचा संबंध मॅट्रिकच्या सुमारास सुटला. आमच्या कॉलेजांतील रसायनशास्त्राचे एक सहकारी समाचारास आले ते खिशांत टेप घेऊनच. त्यांनीं न्हाणीघर मोजलें. आंतील हवा सुमारें साडेपांच घनमीटर भरली. मग एका पाकिटाच्या पाठीवर आंकडे मांडून त्यांनीं दाखविलें कीं, मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारी ज्योत दहा मिनिटांत दीडशें ग्रॅमच्या आसपास गॅस जाळते, आणि तेवढा गॅस पुरता जळावयास दोन घनमीटर हवेंतील प्राणवायु खर्चीं पडतो. म्हणजे खिडकी बंद असली तर एका स्नानाच्या अवधींत आंतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक प्राणवायु ज्योतच खाऊन टाकते. तिला तो अपुरा पडूं लागला कीं मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. सिलिंडरांतील गॅसला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. गॅस गळला तर नाकाला कळतें, पण अर्धवट जळला तर कळत नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां ह्या वायूला दोनशेंपटींहून अधिक घट्ट कवटाळतें. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत ह्याच वायूच्या भयानें पिंजऱ्यांतून कॅनरी पक्षी नेत असत. ती रीत १९८६ सालीं मोडून त्यांच्या जागीं यंत्रें आलीं. आमच्या घरीं त्या पक्ष्याचें काम आईकडे आलें होतें.

'गीझर' हा शब्द मुळांत आइसलंडचा. तेथें उकळत्या पाण्याचें एक कारंजें आहे, त्याचें तें नांव. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन नांवाच्या एका रंगकाम करणाऱ्या गृहस्थानें १८६८ सालीं गॅसवर तत्काळ पाणी तापविण्याचें यंत्र काढून त्याला तें दिलें. त्या पहिल्या यंत्राला धुराडें नव्हतें. त्या देशाला ह्या उणिवेची जाणीव पुढें झालीच. आमची कन्या इंग्लंडांत रेडिंग येथें राहते, आणि योगायोग असा कीं तिच्याही घरचा जुना बॉयलर त्याच महिन्यांत बदलावयाचा होता. तिकडे घर उबदार ठेवणें आणि नळाला ऊन पाणी पुरविणें हीं दोन्ही कामें एकच यंत्र करतें. त्यास 'कॉम्बी बॉयलर' म्हणतात. तिनें फोनवरून तो आम्हांस दाखविला. त्याचें धुराडें भिंतीतून बाहेर गेलेलें, आणि तेंही नळांत नळ असें: आंतल्या नळांतून धूर बाहेर जातो, बाहेरच्यांतून ज्योतीपुरती हवा आंत येते. घरांतील हवेचा एक श्वासही ती ज्योत घेत नाहीं. तेथील १९९८ च्या नियमांप्रमाणें न्हाणीघरांत गॅसचें यंत्र बसवावयाचें तर तें असेंच बंदिस्त लागतें, आणि पैसे घेऊन तें बसविणारा मनुष्यही नोंदणी झालेला असावा लागतो. कन्येपुढें प्रश्न होता तो एवढाच कीं, एकाच वेळीं दोन नळ सोडले तर किती किलोवॅटचा बॉयलर पुरेल. आम्हांस तिचा हेवा वाटला.

आमच्याकडे प्रश्न असा सुटसुटीत नव्हता. चिरंजीवांचें मत सौरशक्तीचें. परंतु गच्ची चौथ्या मजल्यावर, आम्ही पहिल्यावर. मधल्या नळांतलें गार पाणी सोडून देतां देतांच बादली भरावयाची. शिवाय गच्ची कोणाची, हा वाद आमच्या सोसायटीच्या सभेंत आमच्या केसांबरोबर पांढरा होत आला आहे. सौभाग्यवतींनीं तीन लिटरचा विजेचा लहान गीझर सुचविला. रसायनशास्त्रज्ञांनीं पुन्हां पाकीट काढलें आणि थंडींत त्याची धार मिनिटाला दोन लिटरांहून फारशी असणार नाहीं असें सांगितलें. एका बादलीस नऊ मिनिटें. आमचें स्वतःचें मत सांगावयास लाज वाटते, पण सांगतों. तोच गॅसचा गीझर गॅलरींत हलवावा आणि नुसता नळ आंत न्यावा, असें आम्हांस वाटत होतें. त्यांत शास्त्राची चूक नव्हती. पण विचार सुचला तो शास्त्रामुळें नव्हे, काटकसरीच्या मुरलेल्या खोडीमुळें, हें आम्हांस ठाऊक होतें. आणि सौभाग्यवतींच्या नजरेवरून त्यांनाही तें ठाऊक होतें.

शेवटीं आईला विचारलें. ती म्हणाली, "माळ्यावर बंब आहे ना? तो काढा."

सर्वजण हंसले. बंद न्हाणीघरांत बंब पेटविणें म्हणजे तेंच मरण अधिक लवकर बोलावणें, हें तिला समजावून सांगितलें. "आंत कोण पेटवतंय? बंब कधी आंत होता का?" ती म्हणाली. त्या रात्रीं आम्हांस तें वाक्य पुष्कळ वेळ आठवत राहिलें. आजीला रसायनशास्त्र येत नव्हतें. बंब उघड्यावर होता तो धूर डोळ्यांत जाई म्हणून. धुरानें तिला जन्मभर छळलें, आणि त्यानेंच तिला व आम्हां सर्वांना विस्तवापासून दूर ठेविलें. आम्हीं धूर दिसत नाहीं असें यंत्र घेतलें आणि त्या भरंवशावर विस्तव घराच्या आंत, आईच्या डोक्यावर टांगला.

मग आम्ही तापकीर गल्लींत गेलों. दुकानदारानें पाणी कोठलें, बोअरचें कीं नळाचें, हें आधीं विचारलें. टाकी क्षारांनीं खराब होते, आंतला मॅग्नेशियमचा दांडा वेळोवेळीं बदलून घ्या असेंही बजावलें. माल खपविण्याची घाई नसलेला असा दुकानदार पुण्यांत भेटावा ह्याचें वाचकांना नवल वाटेल, आम्हांस वाटलें. पंचवीस लिटरांचा, टाकीचा, विजेचा गीझर ठरला. त्यांतलें साठ अंशांवरचें पाणी गार पाण्यांत मिसळलें कीं दोन बादल्या होतात, आणि तें तापावयास पाऊणएक तास आधीं बटन दाबावें लागतें. म्हणजे पहांटे उठून बंब पेटविण्याचें काम आमच्या घरीं पुन्हां सुरू झालें. तें आमच्याकडे आहे.

बसवावयास आलेल्या कारागिरानें भिंतीवरचा प्लग तपासला आणि मान हलविली. "सर, तुमच्या घराला अर्थच नाही." साहित्याच्या प्राध्यापकास असें कोणी तोंडावर म्हणावें! अर्थिंगची तार इमारत बांधल्यापासून कोठेंच जोडलेली नव्हती. ती जोडून, गळती होतांच वीज तोडणारें बटन बसवून घेईपर्यंत गीझरच्या किंमतीइतकाच आणखी खर्च झाला. आणि धूर आतां नाहीं असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस उरलेलें नाहीं. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशाची. एकट्या चंद्रपूरचें औष्णिक केंद्र २९२० मेगॅवॉटचें. आमच्या दोन बादल्यांचा धूर आतां तशा कोठल्या तरी गांवच्या आजींच्या डोळ्यांत जात असेल. त्यावर आमच्यापाशीं उत्तर नाहीं.

नव्या गीझरांत ज्योत नाहीं; खिडकी बंद राहिली तरी भय नाहीं. पण आईनें ते बोळे काढले ते पुन्हां घातले नाहींत. ऐन थंडींत खिडकी सताड उघडी टाकून ती स्नान करते आणि कुडकुडत बाहेर येते. आतां खिडकी लावलीस तरी चालेल, हें सांगावयास आम्ही दोनदां तिच्या खोलीपर्यंत गेलों आणि परत आलों. याला धूर नसतो असें एकदां सांगून झालेलें आहे. कडी मात्र ती अजून लावून घेते. ती कडी आम्हीं नवी बसविली, ती बाहेरूनही उघडतां येईल अशी. हें तिला अद्याप कळूं दिलेलें नाहीं.