आधी किक मारू नका

बरीच वर्षं उभ्या असलेल्या स्कूटरजवळ माणूस आला, की त्याचा पाय आपोआप किककडे जातो. सोसायटीचे सेक्रेटरी एक मारून बघतात, वॉचमन दोन मारतो, कुरियरवाला पोरगासुद्धा जाता जाता हौस भागवून घेतो. गाडी काही चालू होत नाही. मग सगळ्यांचं एकमत होतं : भंगारात द्या.

पुण्यात बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली ताडपत्रीखाली उभी होती ती आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, 1988 सालची बजाज चेतक. वेस्पावाल्या पियाज्जिओ कंपनीशी असलेला करार 1971 मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी बजाजने आकुर्डीच्या कारखान्यातून स्वतःच्या नावाची चेतक बाहेर काढली. अंग बहुतेक वेस्पाचंच, पण नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. आप्पांच्या वेळी नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट बघायला लागायची. नंबर लागल्याचं पत्र आलं तेव्हा घरात पेढे वाटले होते, असं सासूबाई सांगायच्या. आप्पा मार्केट यार्डात गूळ-भुसाराच्या गाळ्यावर हिशेब लिहायचे. सकाळी जाताना पायाशी डबा आणि येताना भाजीची पिशवी, अशी तीस वर्षं या गाडीने काढली. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा ती जिन्याखाली गेली. पुढे आप्पांचे गुडघे बिघडले आणि तिथंच राहिली.

इमारतीचं रंगकाम निघालं आणि बंद गाड्या हलवण्याची नोटीस लागली. भंगारवाला येऊन वजनाचा अंदाजही घेऊन गेला. आप्पा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री नीट जेवलेही नाहीत. नवरा म्हणाला, "अगं, तिचे पार्टसुद्धा मिळत नसतील." मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. चुंबक, कुंतल आणि प्रवर्तित विद्युतधारा फळ्यावर काढून माझा अर्धा जन्म गेला. तेच सगळं जिन्याखाली धूळ खात असताना नुसतं बघत बसणं मला जमेना.

आधी जवळच्याच एका गॅरेजातून एक मुलगा बोलावला. त्याने किका मारल्या, घाम पुसला आणि निदान केलं : "मॅडम, सीडीआय गेलाय." म्हणजे ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी. आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, "बाळा, हिच्यात सीडीआय नाहीच. पॉइंट आहेत." मुलगा चहा पिऊन गेला, तो परत आला नाही. त्याचाही काय दोष? बजाजने स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं 2009 च्या डिसेंबरात जाहीर केलं, तेव्हा तो बालवाडीत असेल. 2019 मध्ये चेतक हे नाव परत आलं, पण विजेच्या मोटरवर. त्या चेतकला किकच नाही.

शेवटी कोंढव्याच्या रस्त्यावरचे एक म्हातारे मेकॅनिक काका मिळाले. त्यांनी आल्या आल्या किकला हातसुद्धा लावला नाही. उजवं पॅनल उतरवलं, प्लग-पान्याने प्लग काढला आणि त्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल आत सोडलं. "ताई, आज एवढंच. रात्रभर मुरू द्या." वर्षानुवर्षं एका जागी थांबलेल्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरतात. तशात जोराने किक मारली तर रिंग तुटते, नाहीतर भिंतीवर ओरखडा उठतो. म्हणजे आल्यागेल्याने हौसेने मारलेली प्रत्येक किक आमच्या खर्चात भर घालत होती. दुसऱ्या दिवशी काकांनी किक हाताने दाबली. आधी ती अडली, मग चिकटलेलं काहीतरी सुटावं तशी हळूच खाली गेली. आप्पा खुर्चीत सरसावून बसले.

त्यापुढे काका ज्या क्रमाने गेले, तो मी माझ्या वर्गातल्या मुलांना फळ्यावर लिहून द्यावा असा होता. इंजिनाला लागतात तीनच गोष्टी : ठिणगी, पेट्रोल आणि हवा. हवेत आत येणारीही आली आणि धूर होऊन बाहेर जाणारीही. एकेक तपासायची आणि एकीचा निकाल लागल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. आजकाल गॅरेजमध्ये उलटं चालतं. आधी पार्ट बदलतात आणि मग बिघाड शोधतात, आणि बिल मात्र दोन्हीचं लावतात.

ठिणगी बघायची पद्धत साधी. प्लग त्याच्या टोपीत बसवायचा, त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या हेडला टेकवायचं आणि किक मारायची. दिवसाउजेडी ती नीट दिसत नाही, म्हणून आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. काहीच दिसलं नाही. नवा प्लग लावला, तरी नाही. मग पंख्याचं झाकण काढलं आणि आतून मातीचा एक गोळा खाली पडला. कुंभारणीचं घर. त्या माशीने पंख्याच्या पात्यांच्या आडोशाला शिस्तीत खोल्या बांधल्या होत्या. काकांनी मॅग्नेट फिरवून त्याची खिडकी बरोबर पॉइंटसमोर आणली आणि मला म्हणाले, "बघा ताई, तुमचं शास्त्र."

दोन बारीक ठोकळे, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढे. एक स्थिर, एक हलणारा. मॅग्नेट फिरला की हलणारा उचलला जातो, प्राथमिक कुंतलातला प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी दुय्यम कुंतलात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. तो प्लगच्या टोकाशी हवेतून उडी मारतो. सगळी करामत त्या दोन ठोकळ्यांच्या स्पर्शाची आहे. स्पर्शच झाला नाही तर प्रवाह वाहणार कुठून आणि तुटणार काय? पुण्याच्या पावसाळी दमट हवेने त्यांच्यावर करडी साय धरली होती. काकांनी पॉलिश पेपरची पट्टी मधे सरकवली, दोनदा ओढली, मग पेट्रोलात भिजवलेल्या कापडाने पुसून घेतलं. फीलर घालून फट बघितली. अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजे. परत किक. टक्. प्लगच्या टोकाशी निळी रेघ चमकली. इतकी वर्षं प्रवर्तन शिकवून ते इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं, हे खरं.

एव्हाना प्रेक्षक जमले होते. आमच्या भागात व्हीआयटी कॉलेजची मुलं खोल्या घेऊन राहतात. वरच्या मजल्यावरचा मेकॅनिकलचा एक विद्यार्थी खाली आला. टू-स्ट्रोकच्या पोर्टचं वेळापत्रक त्याला अंशांसकट तोंडपाठ होतं, पॉइंट मात्र तो पहिल्यांदाच बघत होता. काकांनी त्याच्या हातात पान्यांचा डबा दिला. पोरगा शेवटपर्यंत हलला नाही.

पेट्रोलचं प्रकरण जास्त चिकट निघालं. टाकीचं झाकण उघडल्यावर पेट्रोलचा नेहमीचा वास आलाच नाही, आला तो वार्निशसारखा आंबूस वास. पेट्रोल नुसतं ठेवलं तरी मरतं. त्यातले हलके, लवकर पेटणारे घटक काही महिन्यांतच उडून जातात आणि मागे उरतो तो जड चिकट भाग. टाकी काढून धुतली, तेव्हा गंजाचं लाल पाणी निघालं. पेट्रोलचा पाइप वाकवला तर बिस्किटासारखा मोडला. कॉक अडकलेला. कार्ब्युरेटरचं झाकण उघडलं आणि आप्पा खुर्चीतूनच म्हणाले, "हा तर गुळाचा पाक!" त्यांचा जन्म गुळाच्या गाळ्यावर गेला, त्यांना शोभेल अशीच उपमा. फ्लोटच्या वाटीत पिवळट-तपकिरी थर वाळून बसला होता आणि फ्लोटची सुई त्यात घट्ट रुतली होती.

या गाडीचा एअर फिल्टर काढला की जेट वरूनच स्क्रूड्रायव्हरने निघतात. सगळ्यात मोठी अडचण लहान जेटची. त्याचं भोक केसाएवढं, आणि गाडी जागेवर शांत चालायची ती त्याच्या जिवावर. काकांनी जेट कार्ब क्लीनरमध्ये बुडवून ठेवले, मग हवेच्या प्रेशरने फुंकले आणि उजेडासमोर धरून मला दाखवले : पलीकडचा बल्ब दिसला की झालं. विद्यार्थ्याने पिन घालू का विचारलं, तेव्हा मात्र ते खेकसले. पिनेने भोक मोठं होतं, मग गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते.

पाइप, वॉशर, कॉकचं रबर हे सगळं मी नाना पेठेतून आणलं. पार्ट मिळत नाहीत म्हणणाऱ्या नवऱ्याला तिथल्या एका बोळात नेऊन उभं करायला हवं होतं. दुकानदाराने मॉडेलचं साल विचारलं आणि न शोधता हात घालून पुडकी काढली. वर सल्लाही दिला : रबर नव्या बनावटीचंच घ्या, हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर फुगवतं. आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, तेव्हा टाकी भरून गाडी उभी ठेवू नका. पंपावर मात्र गंमत. लिटरला 20 मिली ऑइल मिसळायचं म्हटल्यावर तिथला मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

ठिणगी आली, ताजं पेट्रोल आलं, प्लग ओला होऊन निघत होता, तरी गाडी ढिम्म. काका शांत. त्यांनी मला किक मारायला सांगितली आणि स्वतः सायलेन्सरच्या तोंडावर तळहात धरला. "फुंकरच येत नाही." सायलेन्सर उतरवला. टू-स्ट्रोकचं जळकं तेल आत कोळसा होऊन साचतं, ते होतंच, पण तोंडाशी त्या कुंभारणीने आणखी एक बिऱ्हाड थाटलं होतं. जुन्या पद्धतीने काकांनी तो आतून जाळून काढला, मैदानात नेऊन अर्थात. परत बसवला आणि तिसऱ्या पायरीचाही निकाल लागला : गाडी पेटली. धूर इतका झाला की दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून आग लागली का विचारलं. आत सोडलेलं सगळं तेल जळत होतं.

पण आनंद मिनिटभराचा. हात न लावता गाडी आपोआप रेस व्हायला लागली, आवाज चढतच गेला. काकांनी झटकन बंद केली. मॅग्नेटकडचं ऑइल सील वाळून कडक झालं होतं आणि तिथून चोरहवा आत शिरत होती. या इंजिनात वंगण पेट्रोलाबरोबरच येतं, त्यामुळे हवा वाढली की पेट्रोलचं प्रमाण घटतं आणि तेलाचंही. तशीच दामटली असती तर पिस्टन धरून बसला असता. पुलर लावून मॅग्नेट काढला, सील बदललं. बहुतेक लोक गाडी चालू झाली की पैसे देऊन मोकळे होतात, आणि खरा घात तिथेच होतो.

त्याच आठवड्यात कॅनडातल्या माझ्या भावाचा फोन आला. त्याच्याकडे बर्फावर चालवायची स्नोमोबाइल आहे. तिकडे ती उन्हाळाभर शेडमध्ये पडून असते आणि पहिला बर्फ पडला की हमखास रुसते. जोसेफ-आर्माँ बाँबार्डिएने 1959 मध्ये स्की-डू बाजारात आणली; पुढे अशा पुष्कळ गाड्यांची इंजिनं टू-स्ट्रोकच. त्याची तक्रार ऐकून मी विचारलं, "दादा, ठिणगी बघितलीस? एअर बॉक्समध्ये उंदराचं घर नाही ना?" होतं. तिकडची शहाणी माणसं गाडी ठेवतानाच इंजिनात तेलाचा फवारा मारतात आणि पेट्रोलात ते टिकवणारं औषध घालतात. पट्टाही जमिनीवरून उचलून ठेवतात. आपल्याकडे ताडपत्री टाकली की झालं, असा समज.

आता चेतक चालते. आवारातला चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढते, उतरताना ब्रेकचा भरवसा धरू नये. नोंदणीचं नूतनीकरण, नवी नंबरप्लेट, पीयूसी हे सोपस्कार बाकी आहेत आणि ते होईपर्यंत ती सोसायटीच्या आवारातच फिरेल. टू-स्ट्रोकचा धूर चांगला नाही, हे मी शाळेत मुलांना शिकवते, त्यामुळे रोजच्या वापराला ती काढणार नाही. पण महिन्यातून दोनदा ती सुरू करून गरम होईपर्यंत चालवायची, हे ठरलं आहे.

तुमच्याही जिन्याखाली अशी एखादी उभी असेल. अशी चालती गाडी ठेवून द्यायची असली तर पेट्रोल काढून टाका, कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा पडेपर्यंत इंजिन चालू द्या, प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडा आणि सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा लावा. जुनी काढायची असली तर येणाऱ्याजाणाऱ्याला किक मारू देऊ नका, आणि भंगारवाल्याला फोन करण्याआधी निदान प्लग काढून बघा.