टू-व्हीलवर धावणाऱ्या जीपचे पुढचे अंग

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात बोरी हे गाव आहे. भोवतालची जमीन काळी, भारी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि दमदार पावसानंतर तीच माती फुगून लोण्यासारखी चिकट होते. ती चाकाला लागली की चाकाबरोबरच फिरते आणि मडगार्डमध्ये दाटून बसते. पांदणीत रुतलेली गाडी काढायला बैलजोडीखेरीज उपाय नसे. अशा मुलखात जीपची कीर्ती एका लहानशा लोखंडी दांड्यावर उभी होती. तो टाकला की पुढची चाकेही जोर लावू लागत.

या थ्रेडचा विषय मात्र तो दांडा सोडल्यानंतरचा आहे. चिखल मागे पडला, डांबरी रस्ता लागला, चालकाने गाडी टू-व्हीलवर आणली. आता पुढच्या एक्सलचे, त्यातल्या डिफरन्शियलचे आणि पुढच्या शाफ्टचे काय होते? बहुतेकांची समजूत अशी की तो सारा भाग झोपी जातो. जुन्या जीपमध्ये तो झोपत नसे.

आधी थोडा इतिहास. 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली, बँटम कंपनीने पहिला नमुना दिला आणि पुढे विलीज व फोर्ड यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बाहेर काढल्या. भारतात ही गाडी रुजवली ती लुधियानात 1945 साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी निघालेल्या कंपनीने. त्यातले भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे बदलले. मुंबईत माझगावला याच कंपनीने विलीजच्या सुट्या भागांपासून जीप जुळवायला सुरुवात केली. उंच बॉनेटची ‘सीजे-थ्री-बी’ अमेरिकेत 1968 मध्ये थांबली. भारतात तिची वंशवेल त्यानंतर कितीतरी वर्षे चालू राहिली.

त्याच 1948 च्या सप्टेंबरात, 13 ते 17 या पाच दिवसांत, हैदराबाद संस्थानावर कारवाई झाली आणि मराठवाडा निजामी अमलातून सुटला. सोलापूरकडून निघालेल्या फौजेला नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती घेणे किती मोलाचे वाटले, ते पावसाळ्यातली काळी माती तुडवलेल्यालाच कळेल. (ती नदी वेगळी, हे गाव वेगळे, नामसाम्याने फसू नये.)

आता यंत्राकडे. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून ट्रान्स्फर केसमध्ये येते. तिथून दोन प्रोपेलर शाफ्ट निघतात, एक मागच्या एक्सलकडे आणि एक पुढच्या. मागचा कायम जोडलेला. पुढच्या शाफ्टच्या तोंडाशी एक सरकणारे दातेरी चाक असते. दांड्याने ते जागेवर बसते किंवा सुटते. टू-व्हीलमध्ये ते सुटते आणि इंजिनाचा पुढच्या शाफ्टशी संबंध संपतो.

पण साखळी तुटली ती या एकाच जागी. दुसऱ्या टोकाला, प्रत्येक पुढच्या चाकाचा हब एका पोलादी चकतीने एक्सल शाफ्टशी बोल्टांनी पक्का बांधलेला असतो. त्यामुळे रस्ता चाकाला फिरवतो, चाक एक्सल शाफ्टला, तो डिफरन्शियलमधल्या क्राऊनला, क्राऊन पिनियनला आणि पिनियन प्रोपेलर शाफ्टला. एरवी शक्ती ज्या वाटेने चाकांकडे येते, त्याच वाटेने ती आता उलट चढते आणि ट्रान्स्फर केसच्या दारापर्यंत जाऊन थांबते. पुढचे सारे अंग फिरत असते आणि कोणालाच ओढत नसते.

हे फिरणे किती, याचा हिशेब करता येतो. सीजे-थ्री-बीच्या क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर 5.38, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे सव्वापाचांहून अधिक फेरे. ताशी 60 किलोमीटर वेगाला तिचे चाक मिनिटाला सुमारे साडेचारशे फेरे घेते. म्हणून पुढचा शाफ्ट मिनिटाला सुमारे 2,400 वेळा फिरतो. बोरीहून परभणीपर्यंत, एकाही चाकाला मदत न करता. त्यासाठीचे इंधन मागची चाकेच भरून देतात. शाफ्टचे जॉइंट झिजतात, बेअरिंग झिजतात, स्टिअरिंग जड लागते. युद्धात या तोट्याची फिकीर कोणी केली नाही. तिथे दांडा टाकताच चारही चाके हजर असणे महत्त्वाचे होते.

मग दांडा सोडण्याचा फायदा तरी काय? फायदा वळणावर दिसतो. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या कमानीतून जातात, म्हणून पुढच्या शाफ्टला अधिक फेरे हवे असतात. फोर-व्हीलमध्ये ट्रान्स्फर केसने दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. चिखलात चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात. डांबरावर घसरायला वाव नसतो, आणि पिळा शाफ्टमध्ये साठत जातो. टू-व्हीलमध्ये पुढचे अंग फिरत असले तरी आपल्या गतीने फिरायला मोकळे असते. फिरणे आणि जखडलेले असणे या दोन गोष्टी वेगळ्या, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. याच जीपमध्ये पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो गिअर पडतच नसे. लो गिअरचा तो प्रचंड जोर एकट्या मागच्या एक्सलवर येऊ नये, अशी ती तजवीज होती.

फुकट फिरण्यावर उपाय अमेरिकेतच निघाला. 1948 मध्ये आर्थर वॉर्न यांनी वॉशिंग्टन राज्यात सुरू केलेली कंपनी, युद्धातून उरलेल्या जीपा रस्त्याच्या नित्य वापराला योग्य व्हाव्यात म्हणून, हबचे लॉक बनवू लागली. पोलादी चकतीच्या जागी हाताने फिरवायची चकती. ‘फ्री’वर ठेवली की चाक एकटे फिरते आणि एक्सल शाफ्टपासून मागे सगळे शांत. आता ते खरोखर झोपले.

पण झोपलेल्याला उठवावे लागते. बोरीच्या पांदणीवर, आषाढातल्या संध्याकाळी, रुतलेल्या जीपचा चालक डोळ्यांसमोर आणावा. तो दांडा टाकतो, इंजिन गुरगुरते, पुढचा शाफ्ट फिरतो, डिफरन्शियल फिरते, एक्सल शाफ्ट फिरतात आणि चाके जागची हलत नाहीत, कारण हब ‘फ्री’वर आहेत. मागची चाके तेवढ्यात आणखी वीतभर खाली गेलेली. मग त्याला गुडघाभर चिखलात उतरावे लागते, हबवरची माती बोटांनी खरवडावी लागते आणि दोन्ही बाजूंची चकती फिरवावी लागते. शहाणा चालक हे काम डांबर सुटण्यापूर्वी, कोरड्या जमिनीवर उरकतो.

एक बाजू विसरली तर काय होते, हा या विषयातला सर्वांत गमतीचा भाग. समजा डावा हब जोडलेला, उजवा मोकळा, आणि गाडी टू-व्हीलवर. डावे चाक आपला एक्सल शाफ्ट फिरवते. डिफरन्शियलचा नियम असा की क्राऊनचा वेग दोन्ही बाजूंच्या वेगांची सरासरी असतो. क्राऊन फिरायचा तर पिनियन आणि लांब शाफ्ट सोबत ओढावे लागतात. त्यापेक्षा मोकळा उजवा शाफ्ट उलट फिरवणे सोपे. म्हणून तो तेवढ्याच वेगाने उलटा फिरतो, सरासरी शून्याजवळ येते आणि प्रोपेलर शाफ्ट जवळजवळ स्तब्ध राहतो. आणि याच स्थितीत फोर-व्हील टाकले, तर सगळी शक्ती मोकळ्या उजव्या बाजूने वाहून जाते. जोडलेले डावे चाकही ओढत नाही. ही खोड पुढे काही ट्रकांच्या रचनेत मुद्दाम वापरली गेली. त्यांच्या पुढच्या एक्सलचा एकच शाफ्ट मधून तोडता-जोडता येतो. तेवढ्यावर पुढचा प्रोपेलर शाफ्ट थांबतो आणि चालकाला खाली उतरावे लागत नाही.

हब असलेल्या जीपा सांभाळणारे लोक आणखी एक गोष्ट पाळतात. पुढचे अंग महिनोन्‌महिने निजून राहिले, तर तेल तळाशी बसते आणि वरचे दाते, बेअरिंग कोरडे पडतात. म्हणून अधूनमधून, गरज नसतानाही, हब जोडून आणि दांडा न टाकता ते गाडी काही किलोमीटर चालवून आणतात.