घाट उतरून जाणारा पैसा

11 एप्रिल 2024, गुरुवार

आज महात्मा फुल्यांची जयंती. दोन दिवसांपूर्वी पाडवा झाला, चैत्र यात्रा तोंडावर आली आहे. दवण्याच्या जुड्या यायला लागल्यात, दुकानांपुढे गुलालाची पोती उतरतायत. जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्म झाला म्हणून मुलाचं नाव जोती ठेवलं, असं फुल्यांच्या चरित्रांत सांगतात. जोतिबाच्या डोंगरावर राहणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट फार जवळची वाटते.

सकाळी शाळेत पोरांसमोर बोलायला बोलावलं होतं. नोकरी संपली तरी गावात सगळे अजून ‘बाई’च म्हणतात. पोरांना मी 1882 ची गोष्ट सांगितली. हंटर आयोगापुढे जोतिरावांनी निवेदन दिलं. सरकारच्या तिजोरीतला मोठा हिस्सा शेतकऱ्याच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा पहिला मुद्दा. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, हा दुसरा. खेड्यातल्या मास्तराला बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका, हेही त्यांनी लिहिलं होतं. सरकारनं शिक्षणातून अंग काढून घ्यावं आणि खाजगी मंडळींवर सोपवावं, अशी त्या काळातही चर्चा होती. जोतिरावांनी तिला साफ विरोध केला.

एक पोरगी उठून म्हणाली, “बाई, मग आता पैसे कोण देतंय?” चौथीतली आहे. “तुझे आईवडील,” मी म्हणाले. “काडेपेटी घेतली तरी त्यात सरकारचा कर असतोय बघ.”

16 एप्रिल, मंगळवार

आजपासून पंचवीस टक्क्यांचे फॉर्म सुरू. दुपारी शेजारची सून मोबाइल घेऊन आली. तिचा नवरा नारळ-प्रसादाच्या दुकानात कामाला. “बाई, फारम भरून द्या की. पोराचं सहावं वरीस सरंल आता.”

शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. विनाअनुदानित खाजगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, असं त्याचं कलम 12 सांगतं. फी सरकार भरतं. महाराष्ट्रात हा प्रतिपूर्तीचा दर गेली काही वर्षं मुलामागे वर्षाला 17,670 रुपये आहे. करोनाच्या वर्षात तो आठ हजारांवर आणला होता. ही रक्कम वेळेवर मिळत नाही, शेकडो कोटी थकलेत, अशी संस्थाचालकांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही.

यंदा यादी उघडली आणि सून गप्प झाली. खाली दिसणाऱ्या गावातली जी इंग्रजी शाळा तिच्या मनात होती, ती यादीत नव्हती. होत्या त्या जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित मराठी शाळा. कारण 9 फेब्रुवारीची अधिसूचना. खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. केरळ आणि कर्नाटकानं हा रस्ता आधीच धरला होता. परिणाम असा, की राज्यात शाळा दिसतायत 76 हजारांच्या वर, जागा पावणेनऊ लाखांच्या घरात, आणि जवळजवळ सगळ्या अशा की जिथं कुणीही, कधीही, फॉर्म न भरता नाव घालू शकतो.

“हे आमच्या साळंचंच नाव दावतंय,” सून म्हणाली. “त्याला फारम कशाला पायजे?”

मी तिला पटवायला गेले नाही. ती म्हणाली ते बरोबर होतं.

19 एप्रिल, शुक्रवार

अजून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. पोर्टलवर घराचं ठिकाण नकाशावर बलून लावून दाखवायचं असतं. अंतर मोजलं जातं ते सरळ रेषेत. सपाट मुलखात ते चालतं. आमच्या डोंगराच्या कड्यावर उभं राहिलं तर दानेवाडी, केर्ली, पोहाळे पायाखाली दिसतात, आणि नकाशावरही ती तशीच जवळ दिसतात. प्रत्यक्षात सहा वर्षांच्या पोराला घाटाची वळणं उतरून जावं लागतं. पावसाळ्यात धुकं असं येतं, की समोरचं माणूस दिसत नाही. सरकार फी देतं, गाडीभाडं देत नाही. मागे एका घरातल्या पोराचा नंबर लागला होता. आईबाप आनंदले, आणि वर्ष संपायच्या आत गाडीच्या पैशांपायी त्याला काढून परत वर आणलं.

23 एप्रिल, मंगळवार

यात्रेचा मुख्य दिवस. पहाटेपासून चांगभलंचा गजर. पहिल्या मानाची पाडळीची सासनकाठी आली तेव्हा अंगणात उभं राहून हात जोडले. सगळा डोंगर गुलाबी झाला आहे. लिहायला वेळ नाही, घरात पाहुणे आहेत.

2 मे, गुरुवार

पाहुणे गेले. पुण्याहून आलेला भाचा अर्थशास्त्राचा. जाता जाता त्याच्याशी दोन संध्याकाळ वाद झाला. त्याचं म्हणणं, पंचवीस टक्के हे अर्धवट काम आहे. सरकारनं सरळ प्रत्येक आईच्या हातात शाळेचं व्हाउचर द्यावं, पैसा मुलाबरोबर चालेल, शाळांना पोरं मिळवायला झटावं लागेल. मिल्टन फ्रिडमननं हे 1955 मध्ये लिहिलं. चिलीनं 1981 पासून केलं, स्वीडननं 1992 पासून. अमेरिकेत मिलवॉकी शहरात 1990 मध्ये गरीब मुलांसाठी सुरू झालं, आणि ॲरिझोना राज्यानं 2022 मध्ये ते सगळ्यांनाच खुलं केलं. आपल्याकडे आदिवासी विकास विभाग मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळांत घालून खर्च उचलतो, तेही त्याच जातीचं.

पोरगा अभ्यासू आहे, त्यानं मला आंध्रचा प्रयोगही सांगितला. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांचा. 2008 मध्ये खेड्यांतल्या मुलांना चिठ्ठ्या टाकून व्हाउचर दिलं आणि चार वर्षांनी तपासलं. तेलुगू आणि गणितात खाजगीत गेलेली मुलं सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे नव्हती. हिंदीत पुढे होती, कारण तिथं हिंदी शिकवत होते. पण खाजगी शाळांचा मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी. भाचा म्हणतो, बघा, तेवढंच शिक्षण, कमी पैशांत.

मी त्याला विचारलं, कमी पैसा कुणाच्या पगारातून आला? खाजगी शाळेत शिकवणाऱ्या पोरी माझ्या ओळखीच्या आहेत. डीएड, बीएड झालेल्या, आणि पगार शेतात भांगलायला जाणाऱ्या बाईच्या रोजाइतकाही पडत नाही. त्या स्वस्ताईवर देशाचं शिक्षण उभं करायचं का? चिलीचंही त्यानं अर्धंच सांगितलं होतं. तिथं शाळा मुलं निवडू लागल्या, वरून फी घेऊ लागल्या, विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि 2015 मध्ये कायदा करून नफा, वरची फी आणि निवड हे तिन्ही बंद करावं लागलं.

पण माझा खरा मुद्दा डोंगराचा आहे. निवड करायला दोन शाळा लागतात. वाडीवर एकच शाळा असते. तिथं व्हाउचर दिलं तर वर दुसरी शाळा उभी राहणार नाही. संस्थाचालक पन्नास घरांसाठी इमारत बांधायला घाट चढून येत नाही. पैसा घाट उतरून जाईल. त्याच्यामागं ज्यांना गाडीभाडं परवडतं ती पोरं जातील. वर राहतील ती धनगराची, मजुराची, आणि मुली. मुलगा इंग्रजीला आणि मुलगी मराठीला, अशी घरं मी नोकरीत किती पाहिली! पट कमी झाला की शिक्षक जातो. शिक्षक गेला की उरलेले आईबाप म्हणतात, एकच मास्तर चार वर्ग कसे सांभाळणार, आणि पट आणखी उतरतो. गेल्या सप्टेंबरात शिक्षण खात्यानं वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले, तेव्हा अशा शाळा निघाल्या 14,783, आणि त्यांत मुलं होती एक लाख पंच्याऐंशी हजार. यंदा 15 मार्चला संच मान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकपदं ठरवण्याचा, नवा निर्णय आला. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला तर त्या वर्गांना शिक्षकपदच मंजूर नाही.

भाचा म्हणाला, “मावशी, मग फॉर्म तरी का भरून देतेस?”

कायदा त्या पोराला हक्क देतो म्हणून. शाळा सुधारेपर्यंत पोर सहा वर्षांचं थांबून राहत नाही. आणि मुकादमाचं पोर आणि डॉक्टरचं पोर एका बाकावर बसावं, हे मला मनापासून हवं आहे. पण ही वाट काही पोरांसाठी आहे. सगळ्यांसाठीची वाट गावातली शाळाच.

6 मे, सोमवार

शाहू महाराजांची पुण्यतिथी. सकाळी दहाला शंभर सेकंद उभं राहून मानवंदना दिली. जिल्ह्यात जो जिथं असेल तिथं थांबतो.

संध्याकाळी बातमी आली, एक किलोमीटरच्या अधिसूचनेला मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती. ती आजच्या दिवशी यावी याचं मला फार बरं वाटलं. महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि 1918 मध्ये कामाला सुरुवात केली ती आमच्या डोंगराखालच्या चिखलीपासून. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्याआधी गोखल्यांनी असंच विधेयक इंग्रज सरकारच्या केंद्रीय कायदेमंडळात आणलं होतं, ते 1912 मध्ये पडलं. पैसा नाही, हे कारण तेव्हाही होतं. लहानशा संस्थानाच्या राजाला ते कारण अडलं नाही.

18 मे, शनिवार

कालपासून नव्यानं फॉर्म. आता यादीत खाजगी शाळा आहेत. राज्यात नऊ हजारांवर शाळा, लाखाच्या आसपास जागा. मागच्या खेपेला साडेआठ लाखांच्या वर जागा असून अर्ज सत्तर हजारांच्याही आत राहिले होते. आईबापांनी मत दिलं, ते असं. सरकारी शाळेवरचा हा अविश्वास आमच्या पिढीच्या शिक्षकांनी मान खाली न घालता, पण नीट ऐकायला हवा. लोकांना इंग्रजी हवं आहे, वर्गाला एक शिक्षक हवा आहे, आणि तो कागदं भरण्यात नव्हे तर वर्गात असायला हवा आहे. यांतलं काहीही जिल्हा परिषदेच्या शाळेत अशक्य नाही.

सुनेचा फॉर्म भरला.

15 जून, शनिवार

शाळा उघडल्या. पहिलीच्या पोरांचं गुलाबाचं फूल देऊन स्वागत. सोडत निघाली आहे, पण निकाल कोर्टाच्या निर्णयापर्यंत थांबवला आहे. सुनेचं पोर घरीच.

शेजारच्या एका वाडीवर गेले होते, जिथं मी पूर्वी शिकवलं. दोन शिक्षकांची शाळा, एकाची बदली झालीय, त्याजागी कुणी नाही. उरलेली पोरगी चार वर्ग सांभाळते, पोषण आहाराची नोंद करते, ऑनलाइन माहिती भरते, रेंज नसली की कड्यावर जाऊन उभी राहते. तिच्या दुसरीतली मुलं धडाधड वाचतात. मी स्वतः वाचून घेतलं. अशा बाईला एक जोडीदार द्या, मग कुठलं व्हाउचर लागतंय ते बघू.

19 जुलै, शुक्रवार

निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठानं 9 फेब्रुवारीची दुरुस्ती रद्द केली. मूळ कायद्याच्या विरोधात नियम करता येत नाही.

मला हे पूर्ण मान्य आहे. सरकारी शाळा जवळ आहे, म्हणून खाजगीची जबाबदारी संपली, हा युक्तिवाद वरून सरकारी शाळेच्या बाजूचा वाटतो. पण प्रतिपूर्तीचे जे पैसे वाचले असते, ते जिल्हा परिषदेच्या शाळेला देऊ, असं त्या अधिसूचनेत कुठं होतं? आमच्या शाळांचं फक्त नाव वापरलं गेलं.

22 जुलै, सोमवार

सोडतीत राज्यातल्या सुमारे 93 हजार मुलांचे नंबर लागले. अर्ज होते दोन लाख बेचाळीस हजार. सुनेच्या पोराचा नंबर लागला नाही. तिनं आज त्याला आमच्या शाळेत घातलं. मी बरोबर गेले. दप्तर नवं होतं, पोरगा खुशीत.

9 ऑगस्ट, शुक्रवार

सर्वोच्च न्यायालयानंही उच्च न्यायालयाच्या निकालात हात घालायला नकार दिला. या वर्षापुरता प्रश्न मिटला. पैशाचा मिटलेला नाही.

14 ऑगस्ट, बुधवार

उद्या झेंडावंदन, आणि त्यानंतर ग्रामसभा. शिक्षण हक्काच्या याच कायद्याचं कलम 21 शाळा व्यवस्थापन समितीचं आहे. तीन चतुर्थांश सदस्य आईबाप, निम्म्या स्त्रिया. कलम 22 सांगतं, की या समितीनं शाळेचा विकास आराखडा करायचा आणि त्याच्या आधारावर अनुदान ठरायचं. बहुतेक गावांत या समितीच्या सह्या घरी जाऊन घेतल्या जातात.

संध्याकाळी सुनेला आणि पहिलीतल्या आणखी तीन पोरांच्या आयांना अंगणात बसवून प्रश्न लिहून दिले. शाळेला मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामं पद केव्हापासून? आराखडा कुठं आहे, वाचून दाखवा. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीकडे आला, त्यातला शाळेवर किती लावला? उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा, आणि लिहिलेलं वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

हे प्रश्न कुठल्याही गावच्या आईबापांना विचारता येतात. पोर इंग्रजी शाळेत जात असेल तरी विचारा. पैसा तुमचा आहे आणि शाळाही तुमचीच आहे.